पिल्लांना दांडीवर बसवताना

नमस्कार श्रोतेहो.

नवी मुंबईत घणसोली, दिवाळे, करावे, सारसोळे. इकडे ठाण्यात बाळकुम, कोलशेत. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले तरी या गावांमधून घरामागे एखादं खुराडं अजून सापडतं. पूर्वी कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली अंडी ठेवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर, आणि पुढचं सगळं तिचं ती बघायची. आता बरेच जण महिनाभराची पिल्लं विकतच आणतात. ती बल्बच्या उबेत वाढलेली असतात, आई त्यांनी पाहिलेलीच नसते. मग ओरड सुरू होते, की दांडी लावून दिली तरी पिल्लं रात्री कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर ढीग करून बसतात, वर म्हणून चढत नाहीत.

खरं तर कोंबडी मुळात झाडावर झोपणारी. तिचा पूर्वज लाल रानकोंबडा, आणि आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा हा तिचा दुसरा नातेवाईक. कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग या राखी कोंबड्याकडून आला, असं 2008 साली जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. दोघेही अंधार पडायच्या आत फांदी गाठतात. तेव्हा वर बसायची ओढ तुमच्या पिल्लांत आहेच. खुडकीखालची पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की आई वर जाऊन बसते, खालून चिवचिवाट होतो आणि एकेक जण उडी मारतो. विकतच्या पिल्लांना पुढे जाणारं कुणी नसतं, एवढाच फरक.

माझं मत विचाराल तर दांडीपेक्षा आधी उजेडाकडे बघा. कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही. वर चढायचं ते दिवेलागणीच्या वेळी, दांडी नजरेला दिसतेय तोवरच. ही वेळ आपल्याकडे वर्षभर सारखी नसते. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात होऊन जातात. मालिका सुरू व्हायच्या आधी दार लावून मोकळं व्हायचं, अशी घड्याळाची सवय असेल तर हिवाळ्यात तुम्ही पोचता तेव्हा अंधार झालेला असतो आणि पिल्लं जिथल्या तिथे बसलेली असतात.

दुसरी गोष्ट रस्त्यावरच्या दिव्याची. गल्लीच्या तोंडाशी एलईडीचा खांब असतो, त्याचा पांढरा झोत जाळीतून थेट खुराड्याच्या जमिनीवर पडतो. वर दांडीपाशी काळोख आणि खाली लख्ख! पिल्लं उजेडाकडे जातात आणि जाळीला चिकटून बसतात. मांजराला, घुशीला आयतं सापडायची जागा हीच. त्या बाजूला गोणपाट सोडा. आत एखादा मंद बल्ब दांडीच्या वर टांगा, म्हणजे संध्याकाळी वरची जागा उजळ दिसेल. मात्र पिल्लं जमिनीवर असताना तो खटकन बंद करू नका, नाहीतर ती रात्रभर तिथेच अडकतात. आणि शेजारी हळद असेल, मांडवात डीजे लागला असेल, तर त्या रात्रीची शिकवणी रद्द समजा. माणसांनाच झोप नाही, तिथे पिल्लांची काय कथा!

आता दांडी. प्लास्टिकचा पाइप नको. बांधकामावरून फुकट मिळतो म्हणून लोक लावतात, पण त्यावर पंजा घसरतो. लोखंडी सळईही नको. दोन इंच रुंदीची लाकडी रीप घ्या आणि वरच्या कडा सुताराकडून गोल करून घ्या. पंजा तिच्यावर नीट टेकतो आणि थंडीच्या दिवसांत बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. पावसाळ्याआधी रस्त्याकडेला छाटलेल्या फांद्यांचे ढीग पडतात, त्यातली मनगटाएवढी जाड, सालीसकट फांदीही उत्तम. बारीक काठीवर कोवळ्या पिल्लाच्या छातीचं हाड वाकतं, हे लक्षात असू द्या. सुरुवातीला उंची वीतभर ते फूटभर पुरे, मग वाढवत न्या. पत्र्याच्या अगदी खाली दांडी नेली तर एप्रिल-मेमध्ये कोंबड्या तिथे बसणारच नाहीत, आणि का बसाव्यात?

हे सगळं झाल्यावरही काही पिल्लं खालीच राहतील. तेव्हा पूर्ण काळोख झाल्यावर मंद बॅटरी घेऊन जा. दोन्ही हातांत पंखांसकट पिल्लू धरा, पाय दांडीला लागू द्या आणि थांबा. पायाला लाकूड लागलं की बोटं आवळली जातात, मग अंगाचा भार खाली येतो, पिल्लू एकदा डुलतं आणि पंख सावरून बसतं. तेवढं झालं की हात काढायचा. आधी धीट पिल्लं बसवा, मग बाकीची त्यांना चिकटवून. अंधारात ती सहसा खाली उतरत नाहीत. असं ओळीने काही रात्री केलं की एक-दोन आपणहून चढायला लागतात आणि इतर त्यांच्यामागे जातात.

घरात जुन्या कोंबड्या असतील तर गंमत वेगळी. त्या आधी जाऊन पसरून बसतात आणि तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांच्या, वाट्याला लोकलमधली चौथी सीट येते. टोचून खाली ढकलतात म्हणून नवी पिल्लं धास्तावतात. दर पक्ष्यामागे नऊ-दहा इंच जागा धरा आणि दोन दांड्या लावणार असाल तर एकाच उंचीवर लावा, कारण वरच्या दांडीसाठी मारामारी ठरलेली. अंडी घालायची खोकी मात्र दांडीपेक्षा खालीच हवीत, आणि तलंगा अंड्यावर येईपर्यंत त्यांची तोंडं बंद ठेवा. एकदा खोक्यात झोपायची सवय लागली की विष्ठेने माखलेली अंडी पुसत बसावं लागतं.

खाली झोपली तर बिघडलं काय, असंही कुणी म्हणेल. पावसाळ्यात बिघडतं. आपल्याकडच्या दमट हवेत खाली पसरलेलं भाताचं तूस ओलं राहतं, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, आणि रक्ती हगवणीचे जंतू त्याच ओलीत जोर धरतात. वनराज, गिरिराज अशा अंगाने जड जातींना मात्र फार उंच चढवू नका. सकाळी धपकन उडी मारून तळव्याला इजा होते. ब्रॉयलर असतील तर हा खटाटोपच नको.

शेवटी एक. नेमाने वर बसणाऱ्या कोंबड्या अचानक दांडी सोडून खाली झोपू लागल्या तर रात्री पांढरा कागद दांडीच्या खालच्या अंगाने घासून बघा. त्यावर लाल डाग उमटले तर भेगांत लाल माइट, म्हणजे गोचिडीसारखे बारीक किडे, भरलेत. ते दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. दांडी काढून कढत पाण्याने धुवा, कडक उन्हात टाका, फटी बुजवा आणि कोंबड्यांसाठी औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारूनच आणा.

नमस्कार.