वळकटी परत आणा

(गल्लीतल्या ज्येष्ठ मंडळींच्या जानेवारीच्या बैठकीतलं भाषण, रेकॉर्डिंगवरनं उतरवून थोडं नीट केलेलं.)

अध्यक्ष आणि जमलेली सगळी मंडळी, मधी चहा येणार आहे असं मला सांगितलंय, तो आला की मी थांबणार, तुम्ही प्या, मग परत सुरू करू. विषय फळ्यावर लिहिलाय, ‘थंडीतला पाहुणा : पांघरूण, पाणी आणि परतीचं तिकीट’. तीन मुद्दे. तिन्ही ‘प’ वरनं आलेत ते मुद्दाम नव्हे, जमून गेलं. वेळ 40 मिनिटं दिलीय. मी 32 वर्षं एसटीत कंडक्टर होतो, टायमिंगचं मला कुणी सांगायला नको. (हशा) हसू नका, लेट व्हायची ती गाडी, कंडक्टर नव्हे.

तर बघा, डिसेंबरात घर भरून पाहुणे येणं हे आपल्याकडं नवीन आहे. आपल्या लहानपणी पाहुणे यायचे दिवाळीत आन मे महिन्यात, कारण शाळंला सुट्टी तेव्हाच. मे महिन्यात 15 माणसं आली तरी काय अडत नव्हतं, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, सतरंज्या टाकायच्या, एकेक चादर द्यायची, ती पण पहाटेच लागायची. आता नातवंडं इंग्लिश शाळेत, त्यांना नाताळची सुट्टी. पोरांच्या कंपनीत रजा 31 डिसेंबरला लॅप्स होत्यात म्हणं. परदेशातली पण तेव्हाच येत्यात. आणि सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी येतं, चला कोल्हापूरला. अंबाबाई, तांबडा-पांढरा, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, गुऱ्हाळावरची काकवी. गुऱ्हाळं तर चालत्यातच थंडीत, त्यामुळं त्यांचं चुकतंय असं नाही.

रेल्वेचा पण यात हात आहे. आपल्याकडं रेल्वे आली 1891 ला, शाहू महाराजांच्या हातात कारभार यायच्या 3 वर्षं आधी, आणि आली ती इथंच थांबली. पुढं कोकणात जायची लाईन अजून कागदावरच. मिरजेला माणूस उतरतो तो गाडी बदलायला. कोल्हापूरला उतरतो तो राहायलाच, जाणार कुठं!

बरं, दिवस पण कसे निवडत्यात बघा. गुरुवारी सकाळी हजर, ते पण मार्गशीर्षातला गुरुवार सापडला तर. घरात महालक्ष्मीचा घट मांडलाय, बायकोचा उपास आणि पाव्हणा चप्पल काढता काढता विचारतो, “मटणाचा काय बेत?” कोल्हापुरात राहणाऱ्याला बुधवार, शुक्रवार, रविवार हे पाठ असतंय, पुण्याला गेला की विसरतो. मटणावर मी बोलणार नाही, बोलायला लागलो तर इथंच रात्र होईल. 2019 च्या थंडीत मटणाच्या दरावरनं या शहरानं आंदोलन केलंय, एवढं सांगतो आणि विषय बंद करतो.

मुद्दा पहिला, पांघरूण. घरात किती पाहुणे मावतील ते खोल्यांवर ठरत नाही आणि ताटांवर पण नाही, ताटं मागून आणता येतात. थंडीत ते ठरतंय पांघरुणांवर. आता तुम्ही म्हणणार कोल्हापूरची थंडी ती काय, पारा 14-15 वर आला की पेपरात शेकोटीचा फोटो. मान्य. पण पाहुण्याला घरच्यापेक्षा जास्त थंडी वाजते हे मी अनुभवानं सांगतो.

आमच्याकडं आईनं शिवलेली एक वाकळ होती. वाकळ म्हणजे काय हे या खोलीत सांगायला नको, पण मागं दोन कॉलेजची पोरं बसल्यात त्यांच्यासाठी सांगतो. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, मधी धोतर, कोपरे दगडानं दाबायचे आणि कडेनं धावदोरा घालत घालत आत जायचं. आईच्या वाकळेत सात लुगडी होती, वरचं हिरवं इरकल, काठ अजून शाबूत. एका कोपऱ्याला बाबांच्या कोटाचा तुकडा, कारण कापड कमी पडलं. वजन एवढं की अंगावर घेतली की कूस बदलायची म्हणजे आधी ठरवायला लागायचं. दसऱ्याच्या आधी पंचगंगेवर धुवायला न्यायची तर भिजल्यावर तिला दोन माणसं पिळायला, एक हिकडनं एक तिकडनं, आणि मधी मी लहान म्हणून उगंच लोंबकळणार.

तर 7-8 वर्षांमागं, 26 डिसेंबरला, पुण्याचे दाजी आणि आमची अक्का, त्यांची दोन पोरं, सुना, नातवंडं, एका सुनेची आई आणि तिची बहीण, अशी 11 माणसं आली. घरचे आम्ही 5. रात्री मी आणि बायको ट्रंक उघडून बसलो मोजायला. वाकळा 2, सोलापुरी चादरी 4, घोंगडं 1, मिलिटरी कँटीनचा रग 1, आणि लग्नात आलेलं एक ब्लँकेट जे पिशवीतनं कधी काढलंच नव्हतं. 16 माणसं, 9 पांघरुणं. बायको म्हणाली, “मी साडीचा पदर घेऊन झोपतो, माझं नका मोजू.” (आमच्यात बायका ‘झोपतो’च म्हणत्यात, पुण्याच्या सुनबाईला पहिले दोन दिवस वाटायचं की आत अजून कोणतरी माणूस आहे.)

आईची वाकळ मी दाजींना दिली. मानाचा माणूस. त्यांनी हातात घेतली, नाकाशी नेली, म्हणाले, “डांबरगोळ्यांचा वास येतोय. कम्फर्टर नाही का तुमच्याकडं?” मी म्हणालो, दाजी, यापेक्षा कम्फर्टचं घरात दुसरं काही नाही. नको म्हणाले, सोलापुरी चादर घेतली, तोंडावर ओढली आणि झोपले. पहाटे 3 ला मी उठलो तर दाजी भिंतीला टेकून बसल्यात, कानटोपी, स्वेटर, त्यावर माझा रेनकोट, आणि वाकळेकडं बघायलेत. मी काय बोललो नाही. उचलली आणि अंगावर टाकली. सकाळी 9 पर्यंत माणूस हललाच नाही, सगळ्यांच्या आंघोळी होऊन पोहे संपले.

28 ला निघाले. धाकटं नातवंड झोपलेलं, वाकळेत गुंडाळलेलं. दाजी म्हणाले, “लेकराला आता उठवायला नको, तसंच नेतो गाडीत, पुढच्या खेपेला आणून देतो.” आता झोपलेल्या लेकरावरनं वाकळ कोण ओढणार? मी दार लावून दिलं गाडीचं.

पुढची खेप आली, वाकळ आली नाही. त्याच्या पुढची पण आली. मग मे महिन्यात मीच गेलो पुण्याला, एका लग्नाला. दुपारी दाजी कुठं आहेत म्हणून खोलीत डोकावलो. बाहेर 40 डिग्री, खोलीचं दार बंद, आत एसी 18 वर, आणि दाजी माझ्या आईची वाकळ हनुवटीपर्यंत ओढून घोरायलेत. मे महिन्यात! 18 वर एसी लावायचा, वर वाकळ घ्यायची, लाईटबिल भरायचं... (हशा)

संध्याकाळी अक्काजवळ हळूच विषय काढला. अक्का भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दादा, ती माझी पण आईच की रे. त्यातलं हिरवं इरकल माझ्या बारशाचं आहे.” मला ते ठाऊकच नव्हतं. पुढं मी काय बोललो नाही, तिच्या पुढ्यातल्या मेथीतली चार पानं निवडली आणि उठलो.

असो. चहा आला वाटतं. प्या प्या.

(चहानंतर)

कुठं होतो? हां, पांघरूण. त्यावर उपाय एकच, वळकटी. मी 1984 ला नोकरीला लागलो तेव्हा टपावर चढलो की निम्म्या वळकट्या असायच्या. सतरंजी, चादर, उशी, गुंडाळून काथ्यानं आवळलेली. माणूस पाहुणा म्हणून चाललाय हे वळकटीवरनं कळायचं. साहेब लोकांचा होल्डॉल. मग हळूहळू सुटकेस आली, चाकाची बॅग आली, सॅक आली, आणि 2016 ला रिटायर झालो तेव्हा टपावर माणूस चढायचाच बंद झालेला. चाकाच्या बॅगेत हेअर ड्रायर असतो, दोन जोड बूट असतात, पांघरूण नसतं. ते यजमानाकडं असणार असं धरलेलं असतं.

माझ्याबरोबर एक ड्रायव्हर होते, ख्रिश्चन. त्यांच्याकडं 24 ची रात्र म्हणजे 20-25 माणूस. आपल्याला डिसेंबरचा पाहुणा नवा, त्यांना नाही, आपल्या गावात मिशनरी वाइल्डर 1852 ला आले, म्हणजे रेल्वेच्या कितीतरी आधी. करंज्या, चकल्या, केक सगळं, आपल्या दिवाळीसारखंच. मी विचारलं, एवढ्यांना झोपवता कुठं? म्हणाले, जागा आमची, पांघरूण ज्याचं त्यानं आणायचं, आजोबांपासनं तसंच आहे. कुणाला राग येत नाही. एवढंच मला म्हणायचंय, पाहुण्यानं वळकटी आणावी, यात कमीपणा...

(घंटा)

अध्यक्षांनी बेल मारली. एकच मारली. एसटीत एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन मारा साहेब. (हशा, दुसरी घंटा) डबल बेल, चला.

पाणी पटकन सांगतो. पूर्वी बंब होता, शेणी टाका, लाकूड टाका, पाणी काढाल तेवढं वरनं ओता, तो विझंपर्यंत यजमान. आता सोलर. थंडीत तिसऱ्या माणसाला कोमट, पाचव्याला नळाचं. म्हणून आंघोळ रात्री करायची का सकाळी हे पाहुण्यानं आल्या आल्या सांगावं आणि शॉवर बंद, बादली. यावर खरं तर 10 मिनिटं होती माझ्याकडं, एक बंबाचा किस्सा पण होता, राहू दे.

परतीचं तिकीट. येताना जायची तारीख सांगावी. लाजू नये. आणि यजमानानं “ऱ्हावा की दोन दिस” हे फाटकात उभं राहून म्हणू नये, म्हणायचं तर आदल्या रात्री म्हणावं, म्हणजे समोरच्याला खरं वाटतं. डिसेंबरात आलेले काही जण विचारत्यात, किरणोत्सव बघूनच जाऊ का? तो 31 जानेवारीला सुरू होतो. मावळत्या सूर्याची किरणं पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायाशी, मग वर, तिसऱ्या दिवशी मुखावर, म्हणजे 2 फेब्रुवारी. हिशोब करा.

संपलं. शेवटचं एक, हे भाषणात धरू नका. संक्रांतीला भाचा येतोय, 4 माणसं. हे सगळं मी त्याला परवा फोनवर सांगितलं, येताना वळकटी आण म्हणालो. अर्धा मिनिट गप्प बसला, मग म्हणाला, “मामा, आम्ही हॉटेल बघतो, तुम्हाला त्रास नको.” मी म्हणालो, खुळा आहेस काय, ये तसाच. तर भोगीपासनं 16 तारखेपर्यंत कुणाकडं दोन रग जास्तीचे असतील तर जाताना मला सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जातो, आणि 17 ला धुऊन परत. नावं मी वहीत लिहून घेतो.