सांगितलं, पण कुठल्या ओळीत?

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गुप्तचर संस्था आणि लोकप्रतिनिधी हा विषय निघाला की आपल्याला टीव्हीवरची सुनावणी आठवते: शपथ, खडाजंगी, दुसऱ्या दिवशी मथळे. रोजचं काम मात्र बरंच कोरडं असतं. कागद, मुदती, फोन आणि कोण कुठल्या खोलीत किती वाजता बसणार याची जुळवाजुळव. आज अमेरिकेच्या सीआयएचं उदाहरण घेतो, कारण या व्यवहारातली तिथली कागदपत्रं मोठ्या प्रमाणावर उघड झाली आहेत.

1947 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने सीआयए जन्माला आली. पुढची पंचवीसेक वर्षं दोन्ही सभागृहांतले मोजके ज्येष्ठ सदस्य तिच्याकडे बघायचे आणि बऱ्याच जणांना फार काही ऐकायचंच नसे. 1974 च्या ह्यूज-रायन दुरुस्तीने हे बदललं. छुप्या कारवाईला, म्हणजे सरकारचा हात दिसू न देता परदेशात केलेल्या कामाला, राष्ट्राध्यक्षांची मंजुरी हवी आणि ती संसदेच्या समित्यांना कळवायला हवी, असं ठरलं. 1975 मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने जुनी प्रकरणं बाहेर काढली. मग सिनेटने 1976 मध्ये आणि प्रतिनिधिगृहाने 1977 मध्ये कायम गुप्तवार्ता समिती नेमली. आज मूळ कायद्याच्या कलम 502 प्रमाणे या समित्यांना ‘पूर्णपणे आणि वेळच्या वेळी’ माहिती द्यायची असते, अपयशाचीसुद्धा. छुप्या कारवाईसाठी कलम 503 वेगळं आहे.

आता हे कळवणं प्रत्यक्षात कसं चालतं ते बघू. संस्थेत संसदीय संपर्काचं स्वतंत्र कार्यालय असतं. समितीकडून प्रश्न आला की त्याची नोंद होते, मुदत पडते आणि तो संबंधित विभागाकडे जातो. विभाग मसुदा करतो, वकील वाचतात, इतर विभाग वाचतात. इथेच पहिली गडबड होते. प्रत्येक टेबलावर एखादं वाक्य ‘सध्या नको’ म्हणून कापलं जातं. एकेक कात्री बघितली तर समजण्यासारखी असते, पण शेवटी उत्तर खरं राहूनही निरुपयोगी झालेलं असतं. दुसरी गडबड विचारलेल्या शब्दांना चिकटून उत्तर देण्याची. सदस्याला नाव ठाऊक नसतं, म्हणून त्याचा प्रश्न थोडा बाजूला पडतो आणि अधिकारी नेमक्या त्या शब्दांपुरतं ‘नाही’ म्हणतो. सहा महिन्यांनी तेच ‘नाही’ वर्तमानपत्रात छापून येतं.

माहिती प्रत्यक्ष द्यायची ती समितीच्या बंदिस्त खोलीत. फोन बाहेर ठेवायचे, गोपनीय टिपणं आतच ठेवायची. संपर्क अधिकारी मागच्या रांगेत बसून एकच यादी करत असतो: कुठल्या प्रश्नाला ‘नंतर कळवतो’ असं उत्तर गेलं. ही यादी त्याच दिवशी टाइप होऊन विभागाकडे गेली नाही, तर समितीच्या लेखी ते वचन मोडलेलं असतं. माझ्या मते संबंध टिकवणारा सगळ्यात मोठा कागद हाच. दुसरी गोष्ट, खरा वाचक सदस्य नसतो, समितीचा कर्मचारी असतो. सदस्याला मतदारसंघ आहे, निवडणूक आहे, आणखी तीन समित्या आहेत. कर्मचारी जुन्या बैठकीचं टिपण काढून ‘मार्चमध्ये तुम्ही वेगळं म्हणाला होता’ असं विचारतो. त्याला टाळणारी संस्था हमखास अडचणीत येते.

आता मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाकडे येऊ. 1984 च्या सुरुवातीला सीआयएच्या देखरेखीखाली तिथल्या बंदरांत पाणसुरुंग टाकले गेले. संचालक विल्यम केसी सिनेट समितीपुढे दोन तासांहून जास्त बोलले आणि त्यात सुरुंगांबद्दल एकच वाक्य होतं, मूळ इंग्रजीत 27 शब्दांचं. कोरिंटो, एल ब्लफ आणि पुएर्तो सँडिनो इथे चुंबकी सुरुंग टाकण्यात आले आहेत, एवढंच. कोणी टाकले, याचा उल्लेख नाही. आपल्या जिल्ह्यात सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला गेलेल्यांना हे लगेच कळेल. अहवालात बारीक टाइपात एक ओळ असते, ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषय संपतो आणि वर्षभराने आक्षेप घेतला की उत्तर मिळतं, ‘अहवालात होतं की!’ केसींचा बचाव नेमका असाच होता. समितीचे अध्यक्ष बॅरी गोल्डवॉटर हे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याच पक्षाचे. त्यांनी केसींना अत्यंत संतप्त पत्र लिहिलं. समितीचे उपाध्यक्ष, सिनेटर मॉयनिहन यांनी त्या पदाचा राजीनामा जाहीर केला, केसींनी माफी मागितल्यावर मागे घेतला. सिनेटने सुरुंगांविरोधात 84 विरुद्ध 12 मतांनी ठराव केला. त्याच वर्षी जूनमध्ये केसी आणि सिनेट समितीत लेखी समझोता झाला. चालू कारवाईत महत्त्वाचा बदल झाला तरी वेगळं कळवायचं, असं त्यात ठरलं. गंमत म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या समितीला सुरुंगांची माहिती आधी मिळाली होती. दोन सभागृहांना दोन वेळी सांगणं ही तर नेहमीची चूक, कारण दोन्हीकडचे कर्मचारी एकमेकांशी बोलतात.

समझोत्याने सगळं सुधारलं असं नाही. इराणला शस्त्रं देण्याची मंजुरी 1986 मध्ये समित्यांपासून जवळजवळ दहा महिने दडवली गेली. एक मंजुरी तर कारवाई झाल्यानंतर मागाहून काढलेली होती. म्हणून 1991 चा कायदा आला. मंजुरी लेखी हवी, घाई असेल तर 48 तासांच्या आत कागदावर हवी आणि झालेल्या गोष्टीला मागाहून मंजुरी चालणार नाही.

अतिसंवेदनशील कारवाई फक्त आठ जणांना सांगण्याची मुभा आहे: दोन्ही सभागृहांचे दोन्ही पक्षांचे नेते आणि दोन्ही समित्यांचे अध्यक्ष व ज्येष्ठ विरोधी सदस्य. वरवर पाहता सोय उत्तम. पण त्या आठांना कर्मचाऱ्याला विचारता येत नाही, वकिलालाही नाही. जुलै 2003 मध्ये त्या आठांपैकी एक, सिनेटर जे रॉकफेलर यांनी सरकारच्या गुप्त पाळत कार्यक्रमाबद्दलची शंका उपराष्ट्राध्यक्ष चेनींना हाताने पत्र लिहून कळवली आणि एक प्रत समितीच्या सुरक्षित जागेत सीलबंद ठेवली. टाइप करून द्यायला माणूसही वापरता येत नव्हता! आता निदान 180 दिवसांनी ही मर्यादा का चालू ठेवली, याचं कारण द्यावं लागतं.

उलट उदाहरणही आहे. जून 2009 मध्ये संचालक लिऑन पॅनेटा यांना समित्यांपासून लपवलेला एक कार्यक्रम कळला. त्यांनी तो बंद केला आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही समित्यांपुढे जाऊन सांगितलं. गदारोळ झालाच, पण ‘का दडवलं’ हा प्रश्न त्यांच्यावर आला नाही.

पैशाचा भाग थोडक्यात. मंजूर नसलेल्या कामावर गुप्तचर निधी खर्च करता येत नाही आणि तपशील कायद्याच्या गोपनीय परिशिष्टात असतो. तो बंद खोलीत बसून वाचावा लागतो. जे वाचतात, त्यांच्यापुढे संस्था जपून बोलते.

आपल्याकडे? परदेशातली माहिती काढणारी रॉ 1968 पासून आहे, देशांतर्गत काम बघणारी आयबी त्याहून कितीतरी जुनी, पण दोन्हींना स्वतंत्र कायदा नाही आणि संसदेची गुप्तवार्ता समिती नाही. या संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी खासदार मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये मांडलेलं खासगी विधेयक पुढे गेलं नाही. कोल्हापूरच्या किंवा हातकणंगलेच्या खासदाराने उद्या प्रश्न दिला, तर गोपनीय विषय म्हणून तो नियमांतच अडतो. उरते गृह खात्याची स्थायी समिती, दोन्ही सभागृहांचे मिळून 31 सदस्य. आयबीचा खर्च गृह खात्याच्या मागण्यांतून तिच्यापुढे येतो. तिच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, आणि स्थायी समित्यांनी खात्याच्या दैनंदिन कारभारात लक्ष घालू नये असं नियमच सांगतो.