हायड्रेट किती आहे, यापेक्षा ते कुठे बसले आहे

मित्रहो, मिथेन हायड्रेटविषयी बोलताना बहुतेक वेळा साठ्याचे आकडे पुढे येतात. आज मी साठ्याविषयी नव्हे, तर ज्या गाळात हे हायड्रेट असते त्या गाळाच्या बळाविषयी बोलणार आहे. पाण्याच्या रेणूंनी केलेल्या पिंजऱ्यांत मिथेनचे रेणू अडकून बनलेला हा बर्फासारखा पदार्थ खोल समुद्रातील थंडी आणि दाब यांच्या आधारावर टिकतो. आधार काढला की एक घनमीटर हायड्रेटमधून सामान्य तापमान-दाबाला मोजलेला सुमारे १६४ घनमीटर वायू आणि सुमारे ०.८ घनमीटर पाणी सुटते. गाळाच्या सांगाड्याचा एक घन भाग असा नाहीसा होणार असेल, तर उरलेला गाळ कसा वागेल, हा आपला प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर छिद्रांचा किती भाग हायड्रेटने भरला आहे, म्हणजे संपृक्तता किती आहे, एवढ्या एका आकड्यावर देता येत नाही. रव्याच्या लाडवाचे पाहा. साखर तेवढीच, पण पाक करून घातली तर ती रव्याचे कण बांधते आणि कोरडी घातली तर कणांमध्ये नुसती पडून राहते. हायड्रेटचेही तसेच आहे. वाळूच्या कणांच्या सांध्यांवर ते जमले तर थोडेसेही गाळाला कणखर करते. छिद्राच्या मध्यभागी वाढले तर संपृक्तता साधारण २५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाईतो सांगाड्याला त्याचा फारसा उपयोग नसतो, आणि त्यानंतर मात्र ते स्वतःच भार उचलू लागते.

प्रयोगशाळेतील त्रिअक्षीय चाचण्यांत, म्हणजे नमुन्याला चहूबाजूंनी दाबून वरून भार वाढवताना, हायड्रेटयुक्त वाळूची ताठरता आणि कमाल बळ वाढलेले दिसते, कातरताना, म्हणजे तिचे भाग एकमेकांवरून सरकताना, ती अधिक फुगते आणि कमाल बिंदूनंतर तिचे बळ झपाट्याने उतरते. वाढते ती मुख्यतः संसक्ती, म्हणजे कणांची एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद; घर्षणकोन, म्हणजे कणांमधील घर्षणाचे माप, फारसा बदलत नाही. शुन उचिदा, केनिची सोगा आणि कोजी यामामोतो यांनी २०१२ साली मांडलेल्या प्रतिमानात याच निरीक्षणांना गणिती रूप दिले आहे. केंब्रिजमध्ये मातीसाठी विकसित झालेल्या क्रांतिक अवस्थेच्या, म्हणजे माती आकारमान न बदलता सरकत राहते त्या स्थितीच्या, सिद्धांतावर ते उभे आहे. त्यात हायड्रेटमुळे मातीची लवचीक मर्यादा (जिथपर्यंत भार काढल्यावर ती मूळ रूपात परतते) विस्तारते, आणि कातर विकृती वाढत जाते तसतसा हा वाढीव आधार झिजत जातो. ही झीज प्रतिमानात आणणे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण हायड्रेट वितळण्याआधीच, नुसत्या हालचालीने, बंध तुटू शकतात.

आता वायू काढताना काय होते ते पाहू. मार्च २०१३ मध्ये जपानने आपल्या किनाऱ्याजवळच्या नानकाई या सागरी गर्तेत, हायड्रेटच्या थरात खोदलेल्या विहिरीतील दाब सुमारे १३ मेगापास्कलवरून ५ मेगापास्कलच्या आसपास उतरवला. वरच्या थरांचे वजन तेवढेच राहिले, पण छिद्रांतील पाण्याने उचललेला भार कमी झाला आणि तो कणांवर आला. म्हणजे ज्या वेळी हायड्रेटचा आधार सुटत होता, नेमक्या त्याच वेळी सांगाड्यावरील प्रभावी प्रतिबल, म्हणजे कणांनी प्रत्यक्ष पेललेला दाब, कितीतरी वाढले. सहा दिवसांत सुमारे १,२०,००० घनमीटर वायू मिळाला आणि मग विहिरीत वाळू शिरल्याने चाचणी थांबवावी लागली. याउलट, कमी पार्यता असलेल्या, म्हणजे पाणी-वायू सहज झिरपू न देणाऱ्या, गाळाला उष्णता दिली तर सुटलेल्या वायूला वाट मिळत नाही, छिद्रदाब चढतो आणि गाळाचे बळ खचते. शिवाय विघटन उष्णता शोषून घेते, त्यामुळे थर थंड होऊन विघटनच मंदावते. म्हणून उष्णता, प्रवाह, विघटन आणि विकृती यांची समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात.

नानकाईच्या वाळूसाठी जुळवलेले नियम आपल्याकडे सरसकट लावता येत नाहीत. २००६ च्या, हायड्रेट शोधणाऱ्या भारतीय मोहिमेचे पहिले ठिकाण केरळ-कोकण खोऱ्यात होते, तिथे हायड्रेट सापडले नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र, दहाव्या ठिकाणी, भेगाळलेल्या चिकणमातीत ते शंभर मीटरहून जाड थरात आढळले. तिथे ते छिद्रांत नसून बहुतांशी उभ्या भेगांतील शिरांमध्ये आहे. विद्युत-रोधावरून, गाळ सर्व दिशांनी सारखा आहे असे धरून काढलेली संपृक्तता काही भागांत ८० टक्क्यांपर्यंत गेली होती. दाब न सोडता वर आणलेल्या नमुन्यांत ती सुमारे एक चतुर्थांशापलीकडे गेली नाही. पुढे २०१५ च्या मोहिमेत याच खोऱ्यात वाळूच्या थरांतही हायड्रेट मिळाले, आणि तिथे नानकाईचा अनुभव अधिक उपयोगी पडतो.

चिकणमातीतील शिरा वितळल्या की मऊ मातीत पाण्याने व वायूने भरलेल्या फटी राहतात, आणि त्या मिटतील की रुंदावतील हे भार कोणत्या दिशेने येतो यावर अवलंबून असते. नमुना मात्र मनगटाएवढ्या व्यासाचा. त्यात एखादी शीर येते किंवा येतही नाही, म्हणून त्यावर मोजलेले बळ शिरेचे असते वा मातीचे, पण थराचे नसते. अशा थरासाठी माती आणि शिरा यांना वेगवेगळे गुणधर्म देऊन, शिरांची दिशा व त्यांमधील अंतर गणनेत घ्यावे लागते, आणि ती दोन्ही प्रयोगशाळेत नव्हे, तर समुद्रतळात खोदलेल्या विवराच्या भिंतीच्या प्रतिमांवरून मोजावी लागतात.