तिसऱ्या दिवशीची प्लेट

(दृश्य: भाताचं खाचर, चिखलणी)

कर्नाटकाची किनारपट्टी, जून महिना. पिंढऱ्यांपर्यंत चिखल आणि अनवाणी पाय. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा जिवाणू अशाच ओल्या मातीत राहतो. पायाला कुठे खरचटलं असेल, तर तिथून तो शरीरात शिरतो. आजाराचं नाव मेलिऑयडोसिस. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी तो शंभरहून अधिक वर्षांपूर्वी रंगूनमध्ये ओळखला. आपल्याकडे १९९१ साली मुंबईतून त्याची नोंद झाली, गोव्यातही रुग्ण सापडले. तरी जखम चिघळली की हे नाव सहसा कुणाच्या मनात येत नाही.

(दृश्य: पायाची तपासणी)

तळपायाला टेकवलेला हा नायलॉनचा तंतू १० ग्रॅम दाबाला वाकतो. रुग्णाचे डोळे मिटलेले आहेत. तंतू वाकला, तरी त्याला काही कळलेलं नाही. मधुमेहानं संवेदना गेली की काटा रुतलेलाही समजत नाही. त्यात वाढलेल्या साखरेमुळे पांढऱ्या पेशींची मारकशक्ती कमी होते. या आजाराचा सर्वांत मोठा धोका मधुमेहींना आहे तो यामुळेच.

आता नमुना. वरवर फिरवलेल्या स्वॅबला कातडीवरचे नेहमीचे जंतू लागतात. म्हणून आधी जखम सलाइननं धुतली, मेलेला भाग काढला आणि तळाचा जिवंत ऊतीचा तुकडा निर्जंतुक डबीत घेतला. प्रतिजैविकाचा पहिला डोस त्यानंतर. सोबतच्या फॉर्मवर तीन गोष्टी हव्यातच: मधुमेह, शेतीकाम, पावसाळ्यातली जखम. एवढं लिहिलेलं असलं, तर तंत्रज्ञ प्लेट, म्हणजे जंतू वाढवायची बशी, जपून ठेवतो.

(दृश्य: ब्लड अगार, म्हणजे रक्त घातलेलं जंतू वाढवायचं माध्यम, २४ तास)

बारीक, गुळगुळीत, राखाडी वसाहती, म्हणजे जिवाणूंचे ठिपके. ओळखीच्या प्राथमिक चाचण्यांत ग्राम-निगेटिव्ह, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. चूक होते ती इथेच. ‘स्यूडोमोनास’ या दुसऱ्याच, नेहमीच्या जंतूचा शेरा पडतो आणि प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या यंत्रात, जाते.

ही प्लेट ठेवली आहे. ७२ तासांनी त्याच वसाहती कोरड्या आणि सुरकुतलेल्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूची दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग फिका, सेफ्टी पिनसारखा.

आता प्लेटवर ठेवलेल्या, प्रतिजैविक लावलेल्या कागदाच्या तीन डिस्क पाहा. जेंटामायसिनभोवती जिवाणू अगदी काठापर्यंत वाढलाय, कारण तो हे औषध पेशीतून पंपानं बाहेर फेकतो. हट्टी जंतूंसाठी राखून ठेवलेल्या कोलिस्टिनभोवतीही तीच गत. जिवाणूचं बाहेरचं आवरणच त्या औषधाला चिकटू देत नाही. तिसरी डिस्क को-अमॉक्सिक्लॅवची, आणि तिच्याभोवती मात्र स्वच्छ मोकळं वर्तुळ. हे तिन्ही निकाल एकत्र दिसले की मेलिऑयडोसिसचा संशय पक्का धरायचा आणि लॅटेक्स चाचणीनं, म्हणजे हा जिवाणू ओळखणाऱ्या झटपट चाचणीनं, खात्री करायची. महागडं यंत्र नसलेल्या तालुक्याच्या प्रयोगशाळेतही या तीन डिस्क लावता येतात, आणि त्या लावायलाच हव्यात. हा जिवाणू वाढवायच्या खास माध्यमात, अॅशडाउन अगारमध्ये, तर जेंटामायसिन मुद्दामच घालतात. बाकीचे जंतू मरतात, हा जांभळा होऊन वाढतो. संशय आल्यावर प्लेट जंतू बाहेर पडू न देणाऱ्या सुरक्षा कॅबिनेटमध्येच उघडायची, वास घेऊन पाहायची नाही.

निदान चुकलं, तर जिवाणू रक्तात उतरतो, यकृतात आणि प्लीहेत गळवं होतात, माणूस दगावूही शकतो.

(दृश्य: वॉर्ड, सलाइन स्टँड)

उपचार दोन टप्प्यांत. आधी किमान १० ते १४ दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम. गळू असेल तर निचरा करावा लागतो आणि हा टप्पा लांबतो. सोबत इन्सुलिननं साखर आटोक्यात. मग किमान ३ महिने को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या. अधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासायचं, कारण दोन्ही वाढू शकतात. जखम महिन्याभरात भरलेली दिसते आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या बंद होतात. पण जिवाणू पेशींच्या आत दडलेला असतो, आणि अर्धवट सोडलेल्या औषधानंतर आजार उलटतो.