पाठपुरावा कोण करणार?

मंडळी, आज इथे समोर गावोगावच्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आपल्या आशाताई आहेत, अंगणवाडीसेविका आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. मागच्या रांगांत असे आईवडीलही बसलेत, ज्यांच्या घरात कुणी मानसिक आजारी आहे किंवा दिव्यांग आहे. या विषयावर बोलायचं म्हटलं की बहुतेक वेळा योजनांची यादी वाचली जाते. ती यादी तुमच्यातल्या कितीतरी जणांना तोंडपाठ आहे. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. औषध, दाखला, पेन्शन, थेरपी हे सगळं आपल्या जिल्ह्यांत कमीजास्त प्रमाणात मिळतं. पण एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाताना माणूस मध्येच गळतो, आणि तो गळला हे पाहायला कुणी नेमलेलंच नसतं.

समजा, वीस वर्षांचा एक मुलगा आहे. कॉलेज सुटलंय. रात्र रात्र जागतो, एकटाच बोलतो, आंघोळ टाळतो. शेजारी आपल्याबद्दलच कुजबुजतात असं त्याला वाटतं, पुढे आईनं वाढलेल्या ताटाचाही संशय येतो. घरात शब्द निघतो, ‘बाहेरचं झालंय’. मग देवऋषी, मग आणखी लांबचं ठिकाण, मग कर्ज. वर्ष-दीड वर्ष त्यात जातं. अशा मानसिक आजारात सुरुवातीचा काळ फार मोलाचा असतो. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं सावरणं सोपं जातं.

घरच्यांना यासाठी बोल लावायला मी तयार नाही. देवऋषी गावात असतो, कागद मागत नाही, तासभर ऐकून घेतो आणि ‘पुढच्या अमावास्येला या’ म्हणून तारीखही देतो. आपल्या यंत्रणेला यातलं किती जमतं, ते स्वतःला विचारावं. मात्र एक रेघ ठाम ओढायला हवी. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ नं पूर्ण बंदी घातली आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे आग लागली, तेव्हा साखळ्यांत जखडलेल्या २८ जणांना पळताही आलं नाही. घरात कुणी साखळदंडात असेल तर ते घर क्रूर आहे असं समजू नका. बहुतेक वेळा ते घर थकलेलं असतं. तिथे आधी मदत पोचली पाहिजे आणि साखळी त्याच दिवशी सुटली पाहिजे.

आता हा मुलगा सिव्हिलला पोचला असं धरू. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. कल्पना अशी की, मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांचं पथक जिल्हा रुग्णालयात असेल आणि ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही जाईल. अनेक ठिकाणी पदं रिकामी असतात, तरी जिथे पथक आहे तिथे ते काम करतं आणि गोळ्या फुकट मिळतात. मुलाला महिनाभराच्या गोळ्या दिल्या जातात.

आठ-दहा दिवसांत काय होतं ते मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. हातपाय आखडतात, लाळ गळते, पोरगं दिवसभर झोपतं. आई म्हणते, ‘आजार बरा होता, गोळ्यांनी पार मढं केलं.’ यावर उपाय असतो. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं, आखडण्यावर वेगळी गोळी असते. पण हे त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळायला हवं, आणि पुढची तारीख महिन्यानंतरची असते. त्या तीन आठवड्यांत डबी फडताळावर जाते.

समजा, त्या काळात कुणी धीर दिला आणि गोळ्या चालू राहिल्या. दोन-तीन महिन्यांत मुलगा बराच सुधारतो, जेवतो, शेतात जातो. आता दुसरा धोका. ‘बरा झाला, मग आयुष्यभर गोळ्या कशाला?’ गोळ्या बंद होतात. पुढचे काही आठवडे सगळं ठीक असतं, म्हणून निर्णय बरोबर होता असंच वाटतं. मग आजार उलटतो, आणि बरेचदा पहिल्यापेक्षा जोरात.

या सगळ्या काळात ओपीडीच्या रजिस्टरमध्ये काय दिसतं? काहीच नाही. आलेल्यांची नोंद होते. न आलेल्याची नोंद कोणी करत नाही. मला विचाराल तर जिल्ह्याच्या मानसिक आरोग्यसेवेचं मोजमाप शिबिरात किती तपासले यावरून करू नये. आज ज्यांची तारीख होती आणि जे आले नाहीत, त्यांची यादी संध्याकाळपर्यंत तयार होते का, आणि आठवड्याच्या आत त्यांच्या दारात कुणी जातं का, हे विचारावं. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. घर ओळखणारं माणूस लागतं.

हे मी भाबडेपणानं बोलत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की, वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही. याच काळात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. कापूसपट्ट्यातली गावं, शेतकरी आत्महत्यांचा प्रदेश. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, धीर दिला, गरज असेल त्याला पुढे पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, ते २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमानं गावातल्याच स्त्री-पुरुषांना ऐकून घ्यायला, समजावायला आणि सरकारी योजनांशी जोडून द्यायला शिकवलं. पुढे तो उपक्रम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातही गेला. आदिवासी तालुक्यात जे जमलं ते इतरत्र का जमू नये?

इथे आशाताईंच्या वतीनं एक गोष्ट बोललीच पाहिजे. त्यांच्या पाठीवर आधीच लसीकरण आहे, बाळंतपणं आहेत, सर्वेक्षणं आहेत. ‘एवढं जरा बघा’ म्हणत प्रत्येक नवं काम त्यांच्याकडे सरकवलं जातं. मानसिक आजाराचा पाठपुरावा हे वेळ खाणारं, मन थकवणारं काम आहे. त्याचा वेगळा मोबदला हवा, प्रशिक्षण हवं, आणि अडचण आली तर पथकातल्या कुणाला तरी थेट फोन लावता यायला हवा. बायकांच्या फुकट कष्टांवर उभी केलेली सेवा टिकत नाही.

आता दाखल्याची खिडकी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. त्यात मानसिक आजार आहे, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे. बऱ्याच घरांना हे ठाऊकच नसतं. काठी किंवा तीनचाकी नाही म्हणजे दाखला नाही, असा समज. मानसिक आजारात टक्के ठरवताना चार गोष्टी पाहतात : स्वतःची काळजी घेता येते का, माणसांशी संबंध कसे आहेत, बोलणं आणि समजणं कसं आहे, काम होतं का. शिवाय आजार किती वर्षांचा आहे ते पाहतात. ४० टक्क्यांची पायरी गाठली की युडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर, एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आणि संजय गांधी निराधार योजनेसारख्या पेन्शनच्या वाटा खुल्या होतात.

अडचण कुठे येते? दाखल्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी आई मुलाला आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट घालून आणते. डॉक्टर विचारतात, घरी काय काय करतो? चार लोकांसमोर पोराची लाज नको, म्हणून ती म्हणते, ‘सगळं करतो हो.’ टक्के घसरतात. आईबापांनो, त्या दिवशी खरं सांगा. दाढी कोण करून देतं, आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, गेल्या वर्षी किती दिवस कामावर गेला, रात्री कोण जागतं, हे घरीच कागदावर लिहून न्या. जुने केसपेपर एकही फेकू नका. दाखला मुदतीचा असेल तर मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर मारून ठेवा. तशी आठवण कुणी करून देत नाही, आणि दाखल्याची मुदत टळली की पेन्शन अडकते.

या एकाच मुलाची एक फाईल रुग्णालयात असते, एक तहसीलमध्ये, एक ग्रामपंचायतीत. कधीच एकत्र न येणाऱ्या त्या तिन्ही फायली डोक्यात ठेवून फिरते ती त्याची आई. राज्यात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग झाला, हे चांगलंच झालं. पण तालुक्याच्या पातळीवर आरोग्याची माणसं आणि दिव्यांग योजनांची माणसं महिन्यातून एकदा एका टेबलावर बसत नसतील, तर आईची पायपीट तशीच राहते.

लहान मुलांच्या बाबतीतही दुखणं तेच. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत, शाळेत येतात, मान न धरणारं, उशिरा बोलणारं मूल शोधतात आणि जिल्ह्याच्या केंद्राकडे चिठ्ठी देतात. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातपाय नीट न हलणाऱ्या मुलाला व्यायाम रोज लागतो, केंद्र मात्र दीड-दोन तासांवर असतं. दर फेरीला आईची मजुरी बुडते. तिला व्यायाम घरी शिकवता येतात, पण ती ते बरोबर करतेय ना, मुलाचे स्नायू आखडत तर नाहीत ना, हे पाहायला अधूनमधून कुणी घरी यावं लागतं.

आणि ज्या बाईला मानसिक आजार होतो तिच्यावरून तर या सेवेची नजर अनेकदा घसरूनच जाते. नवरा तिला माहेरी आणून सोडतो, माहेरी भावाचा संसार असतो, रेशनकार्ड सासरी असतं. पत्ता बदलला की तिचं नाव ना इथल्या यादीत, ना तिथल्या.

मागे बसलेल्या आईवडिलांना जो प्रश्न झोपू देत नाही, त्यावर आता येतो. ‘आमच्यामागे याचं कोण करणार?’ १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. ती सज्ञान मुलासाठी कायदेशीर पालक नेमते. याच न्यासाची ‘निरामय’ ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. पण हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चारच गटांसाठी आहे. मानसिक आजार त्यात येत नाही. त्यासाठी २०१७ च्या कायद्यात वेगळी सोय आहे. माणूस बरा असताना स्वतःच लिहून ठेवू शकतो की, आजार उलटला तर मला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. हे फार कमी लोक करतात. धाकट्या भावंडांना, चुलतभावाला, मित्राला त्या कागदावर आणायचं काम आई असतानाच झालं पाहिजे.

त्याच कायद्याचं कलम १९ सांगतं की, प्रत्येकाला समाजात राहायचा हक्क आहे, आणि घरच्यांनी सोडलं किंवा घरी राहणं शक्य नसलं, तर सरकारनं आधार द्यायचा आहे, समाजातच राहता येईल अशी घरं उभी करायची आहेत. अशी घरं अजून फारच थोडी आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे झालेले, पण न्यायला कुणी न आलेले लोक राहतात. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं श्रद्धा पुनर्वसन केंद्राचं काम कर्जतला चालतं. त्यासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. असा माणूस वर्षांनंतर आपल्या गावात परततो तेव्हा गर्दी जमते, फोटो निघतात. त्याची महिन्याची गोळी संपेल तेव्हा ती आणायला कोण जाणार, हे त्याच दिवशी ठरलं नाही, तर तो पुन्हा रस्त्यावर जायची शक्यता खूप असते.

पैशाचं विचाराल तर थोडा पैसा गावातही आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो मार्चअखेरीस घाईघाईत वाटून टाकतात. वाटला जातो हेही नसे थोडके, पण ज्यांना वाटायचा त्यांच्या नोंदवहीत मानसिक आजाराची माणसं क्वचितच असतात. त्यांनी अर्ज केलेला नसतो, आणि त्यांची आठवण कुणाला येत नाही.

सदस्य मंडळींना म्हणून माझी विनंती आहे. गावी गेलात की ती नोंदवही काढा आणि आशाताईंसोबत बसून वाचा. कुणाचं नाव राहिलंय ते त्यांना लगेच कळेल. ज्या घरात रात्र कठीण जाते तिथे १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून द्या. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र द्या की, आमच्या गावातल्या ज्या रुग्णाची तारीख चुकेल त्याचा निरोप त्याच दिवशी आशाताईंना मिळावा. रुग्णाची आणि घरच्यांची संमती आधी घ्या, कारण आजार कुणाला सांगायचा हा त्यांचा अधिकार आहे. पत्राचा मसुदा मी सोबत आणलाय. कार्यक्रमानंतर इथेच टेबलाशी थांबतो. ज्यांना दाखल्याचे कागद दाखवायचे आहेत त्यांनीही या.