खर्डा आणि रेखाटन

श्रोतेहो, नमस्कार.

चित्रकलेच्या मुलांना आपण लिहायला कधी लावतो? कलेच्या इतिहासाच्या पेपरात, नाहीतर प्रदर्शन तोंडावर आलं की 'चित्राबद्दल चार ओळी द्या' म्हणून. मग 'अमूर्ताचा शोध', 'अंतर्मनाचा आविष्कार' असं कुठूनतरी उचललेलं लिहून मुलं मोकळी होतात. वर्षभर राबून काढलेल्या चित्राशेजारी हे उसनं मराठी बघवत नाही. माझं आग्रहाचं सांगणं आहे, लेखन रेखाटनाच्या तासालाच शिकवा. तीच वही, तीच पेन्सिल.

पुण्यातली मुलं स्केचिंगला मंडईत जातातच. १८८६ सालची ती दगडी इमारत आणि तिचा मनोरा काढून झाला की तिथंच अर्धा तास लिहायला बसवावं. गाळा एकच निवडायचा. विशेषण नको, उपमा नको. एका मुलीनं लिहिलं, 'ताजी, टवटवीत वांगी'. दोन्ही शब्द खोडायला लावल्यावर ती जरा रुसली, पण पुन्हा बघू लागली. दुसऱ्या खर्ड्यात आलं : 'मावशी एकेक वांगं ओल्या फडक्यानं पुसतात. किडीचं भोक दिसलं की ती बाजू खाली करून ठेवतात.' त्यानंतर तिनं जे रेखाटन केलं, त्यात मनोरा नव्हता. मावशींचा अंगठा होता.

आपल्याकडे चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या डायऱ्या आहेत. त्यांत टिपणं आणि रेखाटनं एकमेकांना लागून येतात. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० साली आलं. चित्रकारानं चित्राविषयी मराठीत किती नेमकं लिहावं, हे विद्यार्थ्यांनी त्यात जरूर बघावं.

शिक्षकांना एक विनंती. पहिल्या वर्षाला लाल शाई घेऊन बसू नका. बीडहून, नंदुरबारहून आलेलं पोर आपल्या बोलीत लिहीत असेल तर लिहू द्या; ऱ्हस्व-दीर्घ मागाहून बघता येईल. चित्रं भिंतीला लावून आपण सगळे मिळून बोलतो, तसंच लिहिलेलं वर्गात मोठ्यानं वाचून घ्या. वाक्य कुठं अडखळतं, हे वाचणाऱ्यालाच आधी कळतं.

वेळ कुठून आणायचा, असं विचारतात. आउटडोअरच्या तासातला अर्धा तास पुरे. आणि गुण द्यायचेच असतील तर शेवटच्या स्वच्छ प्रतीवर देऊ नका, खोडाखोडीसकट सगळे खर्डे मागवून त्यांवर द्या.