कास्तकार टोकाच्या पक्षाकडे का जातो

तर मंडळी, टोकाच्या पक्षाला मत देणारा माणूस अडाणी असतो, कोणीतरी त्याला भडकवलेलं असते, असं शहरात सर्रास बोलल्या जाते. मला हे अजिबात पटत नाही. आपण यवतमाळ जिल्ह्यात बसलोय म्हणून जर्मनीतल्या कास्तकाराचीच गोष्ट सांगतो, तुम्हाला ती प्रोफेसर लोकांपेक्षा लवकर समजेल.

जर्मनीच्या उत्तरेला श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचा भाग आहे, गुराढोरांचा, दूधदुभत्याचा. १९२८ साली तिथं भाव पडलेले, व्याज चढलेलं, टॅक्स थकलेला. जानेवारीत लाखाच्या वर शेतकरी एकाच दिवशी रस्त्यावर उतरले, पण हाती फारसं काही लागलं नाही. मग नोव्हेंबरात बायडनफ्लेथ नावाच्या गावात थकलेल्या टॅक्सपायी दोघांचे बैल न्यायला सरकारी माणसं आली, तर गाववाल्यांनी रस्त्यावर तणस पेटवून दिलं, जाळ पाहून बैल बिथरले अन् उलटे आपल्या गोठ्याकडे पळाले. गाववाल्यांवर केसेस झाल्या. ज्याच्या दारातून जोडी सोडून नेतात त्याला काय वाटत असंल हे इथं कोणाला सांगायची गरज नाही.

त्याच साली त्या भागात हिटलरच्या पक्षाला जेमतेम ४ टक्के मतं होती. १९३० मधे २७ झाली आणि जुलै १९३२ मधे ५१, तेव्हा देशभरात ३७ होती.

आता कोणी म्हणंल, गरिबी होती म्हणून गेले. पण भाऊ, सगळ्यात गरीब तर शहरातले बेकार होते, आणि ते जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले, हिटलरकडे गेला तो थोडीफार जमीन असलेला, ती हातची जाईल म्हणून रात्ररात्र झोप नसलेला माणूस. सातबाऱ्यावर नाव आहे तोवरच गावात मान आहे, हे त्यालाही माहीत होतं.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कॅथलिक भागातला शेतकरीही तसाच अडचणीत होता, पण तो तेवढ्या संख्येनं गेला नाही, कारण त्याचा जुना पक्ष, चर्च, शेतकऱ्यांच्या सोसायट्या त्याच्या गावात अजून जिवंत होत्या. उत्तरेत जुने पक्ष फक्त इलेक्शनला दिसायचे. नाझींनी १९३० मधे शेतकऱ्यांसाठी वेगळी यंत्रणाच उभी केली, गावोगाव माणूस बसवला, जुन्या शेतकरी संघटनांत शिरले.

आपल्याकडं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं भावाचा प्रश्न रस्त्यावर आणला तेव्हा रागाला निदान एक वाट होती. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ होता आणि कितीतरी जणांनी त्याच्या खाली व्यापाऱ्याला माल घातला, पैशाची नड होती, थांबणार कसं? त्या माणसाजवळ त्या टायमाला कोण बसलं होतं हे मला प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याला विचारायचंय, अन् मी रागानंच विचारतो.

जर्मनीतल्या त्या कास्तकाराचं पुढं काय झालं तेही सांगतो. सप्टेंबर १९३३ ला वारसा-शेतीचा कायदा आला, जप्ती थांबली हे खरं, पण त्या कायद्याखालची जमीन विकता येईना, गहाण टाकता येईना, वारस एकच, बाकीची पोरं रिकामी. माल कोणाला द्यायचा, काय भावानं द्यायचा तेही वरून ठरायला लागलं. आणि पटलं नाही म्हणून दुसऱ्याला मत द्यावं, तर जुलैतच बाकीचे सगळे पक्ष संपवून टाकले होते.